रास उठेपर्यंत

भात कापून झालं होतं आणि आभाळ काही हलत नव्हतं. दिवाळी सरली तरी दुपार कलली की डहाणूच्या अंगानं, समुद्रावरून काळं वर यायचं, तलासरीचा हायवे ओलांडून डोंगराकडे सरकायचं आणि वर्षाच्या शेतावर येऊन उभं राहायचं. पडायचं नाही, जायचंही नाही. दारात येऊन काही न बोलता बसलेल्या पाहुण्यासारखं.

वर्षानं बांधावर उकिडवं बसून कापलेल्या कोलमची मूठ उचलली. वरच्या लोंब्या वाळल्या होत्या. खालच्या ओल्या, आणि त्यातल्या एका दाण्याला बारीक पांढरं तोंड फुटलेलं. तिनं तो दाणा दातात धरून तोडला आणि थुंकून टाकला. पाठीला बांधलेली रुचिका झोपेत चुळबुळली.

"मोड आला?" मागून सासूनं, धोंडीनं विचारलं.

"एखाददुसऱ्याला."

"आज एखाददुसऱ्याला. परवा सगळ्या शेताला," धोंडी म्हणाली. "झोडायला पायजे. खळ्यावर चढवायला पायजे."

खळा म्हटल्यावर दोघींची नजर एकाच वेळी डोंगराच्या सोंडेकडे गेली आणि एकाच वेळी परत फिरली.

नाल्यापलीकडच्या लोकांना ही चिंता नव्हती. त्यांची शेतं रस्त्याला लागून. तलासरीहून मशीन यायचं, धडधड करत भात झोडून जायचं. नाल्याच्या अलीकडे मशीन उतरत नव्हतं. अलीकडच्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या एकच जागा होती. डोंगराच्या सोंडेवर उघडा पडलेला काळा कातळ, आणि त्या कातळाच्या सहा कोनी फरशा, एकीला एक घासून बसवल्यासारख्या. बाजूनं खाली उतरून पाहिलं तर कळायचं की त्या फरशा नाहीतच, उभ्या खांबांची डोकी आहेत. देवांनी आपलं भात झोडायला खळा बांधला आणि जाताना माणसांना ठेवून गेले, असं जुनी माणसं सांगत. मातीचा खळा दर साली खणा, भिजवा, चोपा. याला तसलं काही नको. शेणाचा हात फिरवला की झालं. सर येऊन गेली तरी पाणी फटींतून खाली आणि घटकेत खळा कोरडा.

आता त्याला तारेचं कुंपण होतं, लोखंडी फाटक होतं आणि निळी पाटी होती. फाटकाची चावी नविनकडं असायची. नविन म्हणजे वर्षाचा धाकटा दीर, धोंडीचं शेंडेफळ. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, छातीवर फोटोचं कार्ड. शनिवार-रविवारी सुरतेच्या, मुंबईच्या गाड्या यायच्या, आणि नविन त्यांना दोरीच्या अलीकडून खांब दाखवायचा.

कुंपण उगीच आलं नव्हतं, हेही खरं. पलीकडच्या डोंगराचं अर्धं पोट खडीच्या क्रशरवाल्यानं खाल्लं होतं. सुरुंग उडाला की या बाजूच्या घरांच्या कुडाची माती झडायची. तो क्रशरवाला सोंडेपर्यंत आला तेव्हा नविननंच कुठून तरी पाध्ये मॅडमना शोधून आणलं. दगडांचं शिक्षण झालेली बाई. उन्हातान्हात फिरली, कचेऱ्या झिजवल्या, सोंडेला सरकारी संरक्षित स्थळ ठरवून घेतलं, आणि क्रशर मागं हटला. त्या दिवशी धोंडीनं कोंबडा कापून मॅडमना हातानं वाढलं होतं. खळा वाचला होता. तो आपल्याला झोडायला वाचला, असंच घरात सगळे धरून चालले होते.

मग भात पिकायला लागलं तेव्हा एका संध्याकाळी नविन म्हणाला, "परवा मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. मॅडमनी सांगितलंय, खळा एकदम स्वच्छ पाहिजे. मला उद्या बॅनर आणायला तलासरीला जायचंय. आये, ही चावी घे. तुम्ही बायका तेवढं करून घ्या."

"होईल," धोंडी म्हणाली.

स्वच्छ खळ्याचा दुसरा काही अर्थ त्या घरात कोणाला ठाऊकच नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडता धोंडी, वर्षा आणि शेजारच्या काळ्याची बायको सुनिता शेणाच्या पाट्या घेऊन वर गेल्या. पाणी घालून शेण कालवलं. गुडघ्यावर बसून, हाताच्या पंजानं अर्धचंद्र काढत काढत, या कडेपासून त्या कडेपर्यंत खळा सारवला. कडेनं तांदळाच्या पिठाची रेघ ओढली. धोंडी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "मोठी माणसं येतात. उघड्या बोडक्या दगडावर कशी बसतील?" तिच्या मनात आणखीही एक होतं. सारवलेल्या खळ्यावर भात चढतंच. कोणाला विचारायला नको.

दुपारी पाध्ये मॅडम जीपमधून उतरल्या. बरोबर कॅमेरावाला पोरगा, आणि मागच्या सीटवर बॅनर धरून नविन. मॅडम फाटकातच थांबल्या. मग खाली वाकल्या आणि वाळत आलेल्या शेणाची खपली नखानं उचलून पाहिली.

"हे काय केलंय?"

"एकच हात दिलाय, बाय," धोंडी हसून म्हणाली. "सांजच्याला दुसरा देते. मंग बघा कसा गुळगुळीत होतो."

"अहो, हे कोन बघायला लोक येणार आहेत. तुम्ही कोनच बुजवलेत. साडेसहा कोटी वर्षांचा दगड आहे हा."

"मंग त्याला आमचा शेण नवा हाय काय?"

सुनिता पदराआड हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं आणि नविनकडं वळल्या. "पंप लाव. ब्रश आण. संध्याकाळच्या आत हे निघालं पाहिजे."

सारवलेला खळा कोणी धुतलेला वर्षानं कधी पाहिला नव्हता. त्यावर जनावर मरून पडलं तर धुतात, असं ऐकलं होतं. तारेचे ब्रश आले. ज्या गुडघ्यांवर बसून सारवलं त्याच गुडघ्यांवर बसून तिघी घासायला लागल्या. नविन पाइप धरून उभा. शेणाचं हिरवं पाणी धोंडीच्या लुगड्यात शिरलं. रुचिका कुंपणाच्या सावलीत भुकेनं रडत होती, आणि ते रडणं ऐकून वर्षाची चोळी पुढून भिजत चालली होती. पदर ओढावा तर हात शेणाचे. कॅमेरावाला पोरगा समोर येऊन बसला आणि फोटो काढायला लागला.

तेवढ्यात नविन म्हणाला, "मावशी, त्या फटीत राहिलंय. जरा जोर लावा."

वर्षाला वाटलं, तो सुनिताला म्हणतोय. मान वर केली तर तो आपल्या आईकडं बघत होता. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. धोंडीनं वर पाहिलं नाही. फटीत बोट घातलं आणि जोर लावला.

त्या संध्याकाळी नविन जेवायला बसला तेव्हा वर्षानं ताट जरा आपटूनच ठेवलं.

"मावशी कोण रे तुझी?"

"ड्युटीवर होतो, वहिनी."

"ड्युटीवर आय बदलते?"

"तिथं सगळ्यांना मावशीच म्हणायचं असतं. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय."

"मग मला काय म्हणणार? मॅडम?"

"गप गो," धोंडी चुलीपुढून म्हणाली. "जेवू दे त्याला." तिच्या बोटांची टोकं ब्रशानं सोलली होती. भाकरी थापताना ती अंगठ्याच्या मुळानं थापत होती.

नविन खाली बघून जेवला. हात धुताना म्हणाला, "यंदा भात चढवायला मिळणार नाही खळ्यावर. मी विचारलं मॅडमना. म्हणाल्या, एकाला चढू दिलं तर सगळे चढवतील, बैल येतील, दगडाचे कोपरे उडतील. चूक नाही बोलत त्या. मॅडमनी ताडपत्री दिलीय. नवी आहे."

"आणि क्रशरवाला आला होता तेव्हा कोणासाठी भांडलास?" वर्षानं विचारलं.

"दगड राहावा म्हणून."

"आम्हाला वाटलं आमच्यासाठी."

नविननं रोजच्यासारखं रुचिकाला उचललं आणि अंगणात नेलं. तिचं नाव त्यानंच ठेवलं होतं. पोर त्याची शिट्टी चोखत बसली. वर्षा आतून बघत राहिली, आणि पोरगी त्याच्याकडं इतकी खुश राहते याचाही तिला त्या दिवशी राग आला.

साहेबांची पाहणी झाली, फोटो झाले, भाषण झालं. ताडपत्री निळीशार होती. भात कापून झाल्यावर ओल्या शेतात धसकटांवरच ती अंथरली, आणि पहिल्या दहा भाऱ्यांतच धसकटांच्या टोकांनी तिला भोकं पाडली. चिखल वर आला, दाणा खाली गेला. धोंडीनं चिखलातून दाणे वेचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. उंबरगावच्या कंपनीत शिफ्टला गेलेल्या लाहूला, नवऱ्याला, वर्षानं फोन केला. तो म्हणाला, "नविनला विचार. तो सांगेल तसं कर." पाठीमागं मशीनचा आवाज होता. तिनं फोन ठेवून दिला.

सोमवारी स्थळ बंद असायचं. त्या सोमवारी नविनला गाइडच्या ट्रेनिंगला डहाणूला जायचं होतं. सकाळीच जीप आली आणि तो गेला. चावी दारामागच्या खुंटीला राहिली. बंद दिवशी ती तिथंच असायची.

वर्षानं चुलीवरचं पाणी उतरवलं, हात पुसले, चावी काढली आणि कमरेला खोचली. सासू शेताकडं गेली होती. बांधावर तिला गाठून वर्षा एवढंच म्हणाली, "फाटक उघडतं आज."

धोंडीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. "त्यानं ठेवली चावी?"

वर्षा भारा उचलायला वाकली. "उचला लवकर. आभाळ बघा."

सुनिताला हाक गेली, तिच्या जावा आल्या. नाल्यातून वर, डोक्यावर भारे, मानेत काड्या टोचतायत, पायाखाली गोटे. वर्षानं फाटकाचं कुलूप उघडलं आणि चावी परत कमरेला खोचली. सारवायला वेळ नव्हता. धोंडीनं शेणाचं पाणी नुसतं शिंपडलं, हात जोडले आणि पहिला भारा कातळावर आपटला. दाणे उडाले, त्या सहा कोनांवर टपटप सांडले आणि जिथं पडले तिथंच राहिले. एक चिखलात गेला नाही.

दिवसभर झोडणी चालली. दंड भरून आले, डोळ्यांत कुसळ गेलं, घामावर भाताची लव चिकटून अंगाची आग झाली. मधून मधून वर्षा कडेला बसून रुचिकाला पाजायची. तोंडातला कचरा थुंकायची, की परत उभी. दुपारी देवानं वारा दिला. सुपानं उफणलेलं भूस तारेच्या जाळीत जाऊन अडकलं आणि खाली खळ्याच्या मध्यावर भाताची रास उभी राहिली, पिवळी, टोकदार.

धोंडीनं घरून आणलेली राख घेतली आणि राशीभोवती गोल रेघ ओढली. चपला रेघेच्या बाहेर. वर्षानं पदर खोचला आणि लाकडी पायली हातात घेतली. आता पहिली पायली भरल्यापासून रास उठेपर्यंत बोलायचं नाही. राशीवर शब्द पडला की दाणा पळतो. खोकला आला तरी तोंड फिरवून खोकायचं. लहान पोरांना तेवढी माफी.

पायली भरायची, वरून हात फिरवून सपाट करायची, गोणीत ओतायची. सुनिता गोणीचं तोंड धरून. खळ्यावर नुसता दाण्यांचा आवाज होता.

रास निम्मी झाली असेल, तेव्हा गाड्या आल्या. पुढं जीप, मागं पांढरी गाडी. पाहणीला आलेले साहेब उतरले, त्यांच्याबरोबर खळा दाखवायला आणलेले दोन पाहुणे, पाध्ये मॅडम, आणि ड्रायव्हरशेजारून ट्रेनिंगहून परतलेला नविन. नविन फाटकात आला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"फाटक कोणी उघडलं?" साहेबांनी विचारलं.

पायली भरली. सपाट झाली. गोणीत गेली.

"बाई, तुम्हाला विचारतोय मी."

सुनितानं गोणी हलवून दाणे खाली बसवले.

"रास चालू आहे, साहेब," नविन पुढं होऊन म्हणाला. "त्या बोलणार नाहीत. बोलायचं नसतं. थोडं थांबा, रास उठली की सांगतील सगळं."

"म्हणजे मी यांच्या भातासाठी ताटकळत उभा राहू?" साहेब पाहुण्यांकडं बघून हसले, आणि मग हसू पुसून नविनकडं वळले. "चावी कोणाकडं असते?"

"माझ्याकडं. आज घरी होती. खुंटीला."

"मागं शेण फासलं तेव्हाही चावी तूच दिली होतीस ना?"

"त्या वेळी दिली होती. आज नाही दिली, साहेब."

"सोमवार. स्थळ बंद, तू बाहेर, आणि घरातल्या बायका आत. आम्हाला काय दुधखुळे समजतोस? दिवसा आमच्याकडं ड्युटी आणि मागच्या दारानं घरच्यांना वाट."

नविननं वर्षाकडं पाहिलं. धोंडीकडं पाहायचं कारण नव्हतं. चावी न विचारता घेतली हे धोंडीला ठाऊक नव्हतं, सुनिताला ठाऊक नव्हतं. जिला ठाऊक होतं ती पायली भरत होती.

पाध्ये मॅडमनी सँडल काढल्या. अनवाणी राखेच्या रेघेपर्यंत आल्या आणि रेघेच्या बाहेरच बसल्या, वर्षाच्या समोर. हळू आवाजात म्हणाल्या, "वर्षा, बोलू नकोस. मला माहीत आहे बोलायचं नसतं. नुसती मान हलव. चावी तू न विचारता घेतलीस का? नविनला माहीत नव्हतं ना? मी साहेबांना समजावीन. तू नुसती मान हलव."

मान हलवायला रास आड येत नव्हती. तसा कोणाचा नियम नव्हता. मुकी माणसंही रास मोजतात.

वर्षानं पायली राशीत खुपसली. भरली. तळवा सपाट फिरवला. मॅडमच्या खांद्यावरून तिला नविन दिसत होता, इस्त्रीच्या खाकी शर्टात, पाइप हातात नसला तरी तसाच उभा. तो तिच्याकडं बघत होता. तिनंही त्याच्याकडं बघितलं, पुरतं, पापणी न लवता. मान ताठ राहिली. मानेला काड्यांनी ओरखडे पडले होते, त्यात घाम झोंबत होता. तिनं पायली गोणीत ओतली.

मॅडम उठल्या, सँडल घातल्या. "मोजून होऊ दे त्यांचं," त्या साहेबांना म्हणाल्या. "एवढं तरी."

साहेबांनी हात पुढं केला. नविननं गळ्यातली शिट्टी काढून दिली, मग छातीवरचं कार्ड. वर्षानं एका हातानं कमरेची चावी काढली आणि रेघेच्या बाहेर ठेवली. ती ड्रायव्हरनं येऊन उचलली. पाहुण्यांतल्या एकानं मधल्या वेळात राशीचा फोटो काढून घेतला होता. गाड्या वळल्या, धूळ उठली, आणि नविन तिथंच राहिला.

शेवटची पायली भरली नाही, अर्धीच आली. वर्षानं ती उपडी केली, खाली उरलेले दाणे हातानं गोळा केले आणि गोणीचं तोंड आवळलं. रास उठली.

"चला," धोंडी म्हणाली. एवढ्या वेळच्या गप्प बसण्यानं तिचा आवाज घोगरा झाला होता. तिनं राख पायानं पुसली आणि तडक नविनपाशी गेली. सोललेल्या बोटांनी त्याची हनुवटी धरली. "मला सकाळीच वाटलं. खुंटीला चावी ठेवून गेलास तेव्हाच वाटलं. बाहेर मावशी म्हण नायतर काय पण म्हण. लेक आपलाच हाय." आणि सुनिताला म्हणाली, "नोकरी गेली तरी तोंडातून आयचा नाव नाय काढला. बघितलास ना?"

सुनिता आणि तिच्या जावा नविनकडं कौतुकानं बघायला लागल्या.

नविन आईच्या हातात हनुवटी देऊन उभा राहिला. मग त्यानं वर्षाकडं पाहिलं.

"हो आये," तो म्हणाला. "मीच ठेवली होती."

त्यानं खाकी शर्ट काढून कुंपणाच्या तारेवर टाकला, बनियनवर खाली वाकला आणि गोणी पाठीवर घेतली. वर्षाच्या जवळून जाताना थांबला. रुचिकानं सवयीनं त्याच्याकडं दोन्ही हात केले. त्यानं ते पाहिले आणि हात गोणीवरच ठेवले.

"मान हलवायला रास आड येत नाही, वहिनी," तो हळूच म्हणाला, कोणाला ऐकू जाणार नाही असं, आणि उतरणीला लागला.

आभाळ एवढे दिवस नुसतं उभं होतं, ते आता हललं. तापलेल्या कातळावर मोठमोठे थेंब पडले आणि एकेका फरशीवर काळे डाग उठले. बायकांची धावपळ झाली. सुनितानं पेंढा डोक्यावर घेतला. धोंडी सुपं गोळा करत होती आणि लेकाकडं बघून स्वतःशीच हसत होती.

वर्षा पोरीला छातीशी धरून उभी होती. नविन नाल्याच्या वळणापर्यंत पोचला होता, गोणीखाली वाकलेला, बनियन भिजून पाठीला चिकटलेलं. अजून हाकेच्या टप्प्यात होता. धोंडीही चार पावलांवर होती. आता बोलायला कसलीच आडकाठी नव्हती.

"नविन," तिनं हाक मारली.

तो थांबला. वळला नाही, पण थांबला. धोंडीनंही मान वर केली.

वर्षाच्या तोंडात दिवसभराचं भूस होतं, ओठ सुकून चिकटले होते. तिनं ते सोडवले.

"गोणीचं तोंड वर धर," ती म्हणाली. "भात भिजतंय."